एका पाळीत एकच माणूस

गेल्या वर्षी गणपतीला आलेला माझा भाचा ठाण्याला परत निघाला, तेव्हा त्याने आपल्या पोकेमॉनच्या पत्त्यांची वाटणी करून टाकली होती. आग ओकणारे, विजा फेकणारे, चकाकत्या कागदावर छापलेले प्राणी त्याने एकेका पारदर्शक पाकिटात घालून दप्तरात ठेवले आणि उरलेल्या चाळीसेक पानांना रबर लावून तो गठ्ठा माझ्या हातात दिला. "मामा, ही तुझ्याकडेच राहू देत. ह्यांत पोकेमॉन नाहीयेत, नुसते ट्रेनर आहेत," असे तो म्हणाला. त्या 'नुसते' या शब्दात अकरा वर्षांच्या मुलाचा जो ठाम निकाल होता, त्यावर वाद घालण्याइतकी माहिती तेव्हा माझ्याजवळ नव्हती. मी गठ्ठा आमसुलांच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावले, कारण मालवणच्या पावसाळ्यात कागदाची कोणतीही वस्तू उघड्यावर ठेवणे म्हणजे ती हवेला दान करणे होय.

या दमट हवेनेच त्या गठ्ठ्याकडे माझे पहिल्यांदा लक्ष वेधले. चकाकीची पाने आमच्याकडे दोन दिवसांत वाकतात. कागद ओल शोषून फुगतो, वरचा चकचकीत थर तसा फुगत नाही, आणि पान होडीसारखे वळते. भाच्याची सगळी लाडकी जनावरे गणपतीच्या पाच दिवसांत अशी वाकडी झाली होती आणि ती जाड वहीखाली दाबून सरळ करण्यात त्याची एक अख्खी दुपार गेली होती. डब्यातली साधी पाने मात्र ऑक्टोबरात काढली तेव्हा बऱ्यापैकी सरळ होती. एवढ्याच कौतुकाने मी ती वाचायला घेतली.

खेळाची मांडणी थोडक्यात सांगितली पाहिजे. प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा ६० पानांचा कॅट असतो, त्याला डेक म्हणतात. एका नावाची चारपेक्षा जास्त पाने त्यात चालत नाहीत, फक्त साध्या ऊर्जेच्या पानांना ही मर्यादा नाही. सुरुवातीला सात पाने हातात घ्यायची आणि सहा पाने बक्षीस म्हणून पालथी बाजूला ठेवायची. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपल्या बक्षिसांतले पान उचलायचे, आणि ज्याची सहाही आधी उचलून होतील तो जिंकला. एक पोकेमॉन पुढे उभा राहून लढतो, पाचांपर्यंत मागे बाकावर बसतात. पानांचे प्रकार तीनच: पोकेमॉन, त्यांना हल्ल्यासाठी लागणारी ऊर्जा, आणि ट्रेनर. हा तिसरा प्रकार म्हणजेच माझ्या डब्यातला गठ्ठा. त्यावर ना जीव, ना ताकदीचा आकडा. ते पान खेळायचे, त्यावर लिहिलेले काम करून घ्यायचे, आणि बहुतेक वेळा लगेच टाकाऊ ढिगात सोडून द्यायचे.

पत्ते म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे गणपतीच्या जागरणातला मेंढीकोट आणि बदाम सात येतो. त्या कॅटमध्ये प्रत्येक पानाला किंमत असते आणि ती किंमत म्हणजेच ते पान. आमच्या जवळच, सावंतवाडीच्या राजवाड्यात, शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी कारागिरांना बसवून पुन्हा उभी केलेली दशावतारी गंजिफाही याला अपवाद नाही: १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा. त्यातला वजीर राजाला मदत करत नाही. तो नुसता राजाच्या खालोखाल मोठा असतो. स्वतःला काहीच किंमत नसलेले, केवळ दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी छापलेले पान ही कल्पना मला म्हणूनच नवी होती. आणि स्पर्धेत खेळणाऱ्यांच्या डेकमध्ये बहुधा निम्म्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहून जास्त, पाने हीच असतात, हे समजल्यावर भाच्याने डाव जिंकायची अर्धी साधने माझ्या डब्यात सोडली आहेत, हे माझ्या ध्यानात आले.

ट्रेनर पानांचे आज चार मुख्य प्रकार आहेत: आयटम, टूल, सपोर्टर आणि स्टेडियम. माझ्या मते त्यांची चार मराठी नावे वस्तू, अंगावरची वस्तू, माणूस आणि जागा अशी होतील. ही विभागणी कोणी टेबलाशी बसून एका दमात केलेली नाही. खेळ जपानात ऑक्टोबर १९९६ मध्ये निघाला, इंग्रजीत जानेवारी १९९९ मध्ये आला, आणि त्या वेळी या सगळ्यांचे एकच नाव होते, ट्रेनर. जखमेवर फवारायचे औषधही ट्रेनर आणि प्राध्यापकही ट्रेनर. पाळीत किती खेळायचे यालाही धरबंध नव्हता.

त्यामुळे काय होत असे ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या संचातल्या प्रोफेसर ओकच्या पानावर हातातली सगळी पाने टाकून नवी सात उचला, असे लिहिले होते. बिलच्या पानावर नुसती दोन उचला, असे. दोघांचीही चित्रे केन सुगिमोरी यांनी काढलेली, दोघेही दिसायला सालस. आता समजा, एखाद्याला एकाच पाळीत तीनदा ओक आणि दोनदा बिल सापडले. सुरुवातीची सात, ओकची एकवीस आणि बिलची चार मिळून बत्तीस पाने त्याने पाहिली. बक्षिसांची सहा वगळता कॅटमध्ये चोपन्नच पाने असतात. म्हणजे समोरच्याने पहिले पान टाकण्याआधी याचा अर्ध्याहून अधिक कॅट उलगडून झाला. जोडीला कॉम्प्युटर सर्च होता: हातातली दोन पाने टाका आणि कॅटमधले हवे ते एक घ्या. समोरच्याची ऊर्जा काढून टाकणारे एनर्जी रिमूव्हलही होते, आणि ऊर्जा मात्र दर पाळीला एकच लावता येते. त्याने कष्टाने लावायची आणि तुम्ही एका पानाने उपटायची. या पुराला बांध घालण्याचा एक जुना प्रयत्न लास नावाच्या पानात दिसतो. ते खेळले की दोघांनी हात उघडे करायचे आणि दोघांचीही सगळी ट्रेनर पाने कॅटमध्ये परत पिसायची. पण बांध म्हणून घातलेले तेही एक ट्रेनरच, आणि हवे तेव्हा हाताशी असेल तर उपयोगाचे.

नियमच बदलला तो इंग्रजीत सप्टेंबर २००२ मध्ये, एक्सपिडिशन नावाच्या संचाबरोबर. त्यात सपोर्टर हा प्रकार आला आणि त्यावर एकच अट घालण्यात आली: एका पाळीत एकच सपोर्टर. वस्तू वाटेल तितक्या वापरा, माणसाला मात्र पाळीतून एकदाच बोलवा. त्याच संचात ओक परत आला, पण हातातले फेकायला लावून सात देणारा नव्हे. हात कॅटमध्ये पिसून पाच पाने देणारा, बराच नरमलेला.

हा नियम मी आईला समजावून सांगितला, त्या संध्याकाळी ती सुपात कुळीथ निवडत होती. मला वाटले होते की ती हसेल. तिने मान वरही न करता म्हटले, "बरोबर आसा. माणसाक येका दिवसात किती येळा हाक मारतलस? वस्तू काय, पडलेल्यो आसतत. माणसाक त्याचा काम आसता." नारळ पाडायला येणारा माणूस तिने कधीही सकाळी एकदा आणि दुपारी एकदा असा बोलावलेला नाही. तो आला की नारळ, सुक्या झावळ्या, छपरावर वाकलेली फांदी अशी सगळी कामे त्याच एका खेपेत जमवून ठेवायची, ही तिची रीत. तिच्या दृष्टीने खेळ करणाऱ्यांना १९९६ मध्ये जे कळायला हवे होते ते कळायला पाच-सहा वर्षे लागली, इतकेच.

मला मात्र त्या अटीत आणखी काही दिसते. एकदाच बोलवायचे ठरले, की कोणाला हा प्रश्न उभा राहतो. हातात एकाच वेळी दोन सपोर्टर असणे आता सुख राहिले नाही. एक नवी सात पाने देईल. दुसरा समोरच्याच्या बाकावरचा लपून बसलेला दुबळा पोकेमॉन ओढून पुढे आणील. पाने नसतील तर पुढच्या पाळीत उपासमार, आणि ओढून आणले नाही तर हातातोंडाशी आलेले बक्षीस गेले. १९९९ मध्ये दोन्ही करता येत होते, म्हणून विचार करावा लागत नव्हता. खेळातला विचार वाढला तो मनाई आल्यामुळे.

या ओढून आणण्याच्या कामाचा प्रवास मला सर्वांत उद्बोधक वाटतो. पहिल्या संचात हे काम गस्ट ऑफ विंड करत असे, म्हणजे वाऱ्याचा एक झोत. झोत तो झोत. आला, मागचा पुढे ढकलला, गेला, आणि त्याच पाळीत चार झोत आले तरी कोणाची हरकत नव्हती. २०११ मध्ये तेच काम पोकेमॉन कॅचर नावाच्या आयटमने सुरू केले आणि पुन्हा तोच अतिरेक झाला; शेवटी त्या पानाचा मजकूर बदलून त्याला नाणेफेक लावावी लागली, छाप आली तरच चालेल. मग २०१४ मध्ये लायसँडर, २०१७ मध्ये गुझ्मा आणि २०२० मध्ये बॉसेस ऑर्डर्स या सपोर्टरांकडे ते आले. काम जवळपास तेच, शब्दही पुष्कळसे तेच. फरक एवढाच की आधी ते वारा करत होता आणि आता माणूस करतो. वाऱ्याने केले तेव्हा ते स्वस्त होते. माणसाने करायचे ठरल्यावर त्या पाळीतली एकुलती एक हाक त्यात खर्ची पडू लागली. पानाची किंमत त्याच्या मजकुरात असते असे मी समजत होतो. ती वरच्या कोपऱ्यातल्या प्रकाराच्या नावातही असते, हे मला या चार-पाच पानांनी शिकवले.

पाने उचलण्याचे कामही असेच हातोहात फिरत राहिले. हात टाका, सात उचला हा ओकचा जुना हिशेब २०११ मध्ये प्रोफेसर जुनिपरने आणि २०१४ मध्ये प्रोफेसर सायकमोरने चालवला. दोघांचे काम एकच असल्याने दोघांना एका डेकमध्ये ठेवायला बंदी करावी लागली, नाहीतर चारच्या मर्यादेला बगल देऊन लोकांनी आठ प्राध्यापक घातले असते. २०२० पासून पानाचे नाव प्रोफेसर्स रिसर्च असे झाले. चित्रात प्राध्यापक वेगवेगळे, नाव एकच, म्हणून सगळे मिळून चारच. गादीवरच्या माणसाचे नाव सोडून गादीलाच नाव द्यावे, तशी ही युक्ती आहे.

हे पान खेळताना नवशिक्याचा जीव तुटतो. हातात अल्ट्रा बॉल असतो, रेअर कँडी असते, उद्या उपयोगी पडेल असा एखादा मोठा पोकेमॉन असतो, आणि ते सगळे टाकल्याशिवाय नवी सात मिळत नाहीत. म्हणून जाणता खेळाडू माणसाला बोलावण्याआधी वस्तू संपवतो: आधी बॉल टाकून कॅटमधला पोकेमॉन शोधायचा, पोशनने घाव भरायचा, स्विचने दमलेल्याला मागे घ्यायचे, ऊर्जा लावायची, आणि हात जवळजवळ रिकामा झाला की मग प्राध्यापक. त्यात कॅट लवकर संपण्याचा धोका असतो, कारण पाळीच्या आरंभी उचलायला पान उरले नाही तर डाव हरला. आयोनोसारखा सपोर्टर याच्या उलट चालीचा आहे: दोघांचेही हात कॅटच्या तळाशी जातात आणि ज्याची जितकी बक्षिसे शिल्लक तितकी पाने त्याला मिळतात. पाच बक्षिसे जिंकून ऐटीत बसलेल्याच्या हातात एकच पान राहते. मागे पडलेल्याला हात देणारे असे पान शत्रूच्या हातात असू शकते हे ध्यानात ठेवून पुढे राहावे लागते, आणि म्हणूनच मला हे पान फार आवडते. २०२० पासून आणखी एक बारकावा आला आहे. जो आधी खेळतो त्याला आपल्या पहिल्या पाळीत सपोर्टर खेळता येत नाही. आधी बसण्याचा मान घेतलात, तर माणूस मागवायला थांबा.

वस्तूंबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे थोडे आहे. नेस्ट बॉल, अल्ट्रा बॉल, स्विच, पोशन ही पाने म्हणजे स्वयंपाकघरातला विळा, किसणी, चाळण. जिथल्या तिथे असली की आठवतही नाहीत. रेअर कँडीचा मात्र उल्लेख केला पाहिजे, कारण ती मधली पायरी गाळून बाळाला थेट थोराड करते. एस स्पेक नावाचा एक मानाचा प्रकार आहे, डेकमध्ये असे एकच पान चालते. २०१२ मध्ये तो प्रथम आला आणि २०२४ मध्ये परतला. जुना कॉम्प्युटर सर्च २०१२ मध्ये याच रूपाने पुन्हा छापला गेला. एके काळी चार घालता येत होते, आता एक.

अंगावरची वस्तू, म्हणजे टूल, इंग्रजीत डिसेंबर २००० मध्ये आली. ती एखाद्या पोकेमॉनला जोडायची, एकाला एकच, आणि तो बाद झाला की तीही त्याच्याबरोबर जाते. ती बरीच वर्षे आयटममध्येच गणली जात होती. २०२३ मध्ये वेगळी काढली. हा बदल मला आधी निव्वळ कारकुनी वाटला होता. तो तसा नाही हे कळायला मे महिना उजाडावा लागला.

त्याआधी जागांबद्दल. स्टेडियम हा प्रकार ऑगस्ट २००० चा, आणि चौघांत तोच एक असा की जो टाकाऊ ढिगात न जाता दोघांच्या मध्ये मांडून राहतो. त्याचा नियम दोघांनाही लागू असतो. मांडणारा तुम्ही असलात तरी जागा तुमची होत नाही. २००० मध्ये नॅरो जिम होते आणि २०२२ मध्ये कोलॅप्स्ड स्टेडियम आले; दोन्हींत बाकावर पाचाऐवजी चारच बसू शकतात, मग बाक कोणाचाही असो. कोळंबच्या खाडीला भरती आली की ती दोन्ही काठांना येते, आपली होडी ओढून ठेवलेला आणि न ठेवलेला असा भेद पाणी करत नाही. शहाणपण असते ते वेळ साधण्यात: आपल्याकडे चारच असताना आणि समोरच्याकडे पाच असताना ते पान टाकायचे, म्हणजे नियम दोघांना आणि भुर्दंड एकाला. मध्ये जागा एकच असू शकते. दुसऱ्याने वेगळी मांडली की पहिली उठते, आणि जी मांडलेली आहे तीच पुन्हा मांडता येत नाही.

या प्रकारात एक पान असे आहे, की ते किनाऱ्यावरच्या माणसाने वाचल्यावर हसल्याशिवाय राहवत नाही. त्याचे नाव ट्रॉपिकल बीच. २०११ च्या सॅन डिएगोतल्या आणि २०१२ च्या हवाईतल्या जागतिक स्पर्धेत सहभागी झालेल्यांना ते भेट म्हणून दिले गेले होते, त्यामुळे आज ते फार महाग मिळते. त्यावरचा नियम असा: आपल्या पाळीत एकदा, हातात सात होईपर्यंत पाने उचला, पण उचललीत तर तुमची पाळी तिथेच संपली. समुद्रावर बसायचे असेल तर बसा, हात भरून घ्या, त्या दिवसाचे काम मात्र विसरा. सुट्टीला आलेले पाहुणे आमच्याकडे हाच नियम पाळतात, आणि दोन दिवसांसाठी आलेला मुंबईचा दूरचा काका पाचव्या दिवशीही चिवल्याच्या वाळूत पाय पसरून असतो, त्याला तर हे पान पाठ असावे.

खोट्या पत्त्यांचीही एक गोष्ट इथे नोंदवतो. फेब्रुवारीत आंगणेवाडीच्या जत्रेला गेलो असता एका पथारीवर सोनेरी पाकिटांत पोकेमॉनचे पत्ते दिसले. भाच्यासाठी दोन पाकिटे घेतली आणि घरी येऊन उघडली, तर पानोपानी सोन्याचा मुलामा, अवाच्या सवा ताकदीचे आकडे आणि इंग्रजी शब्दांची मोडतोड. फसलो, हे समजले. पण जास्त नवल वेगळ्याच गोष्टीचे वाटले: त्या दोन पाकिटांत एकही ट्रेनर नव्हता. नक्कल करणाऱ्याने प्राणी छापले, कारण पोरे त्यावर भाळतात. औषध, दोरी, प्राध्यापक छापून कोण विकत घेणार? त्यामुळे त्या पानांचा खेळ होऊच शकत नव्हता. पिसायला घेतली तर मुलामा बोटांना लागत होता.

मे महिन्यात भाचा आला तो दोन डेक बांधूनच. एक त्याचा, एक मला द्यायचा. मी डब्यातला गठ्ठा काढला, मला दिलेल्या डेकमधले काही प्राणी त्याच्या परवानगीने बाहेर काढून तिथे माझे ट्रेनर घातले, आणि पडवीत चटई टाकून आम्ही बसलो. पहिले दोन डाव मी जिंकलो. त्यात माझे कर्तृत्व कमी. त्याच्या डेकमध्ये थोराड प्राणी पुष्कळ होते आणि त्यांना कॅटमधून बाहेर काढणारे कोणीच नव्हते. हातात राजे आणि दारात गडी नाही अशी त्याची स्थिती झाली. तिसऱ्या डावाआधी त्याने माझ्याकडून सहा पाने उसनी मागितली आणि आपल्या दप्तरातून बुड्यू नावाचा एक इवलासा पोकेमॉन काढला. जानेवारी २०२५ च्या संचातला हा प्राणी म्हणजे एक मिटलेली कळी. जीव अवघा ३०, हल्ल्याला ऊर्जा लागत नाही, आणि घाव दहाचा. पण त्या हल्ल्यातून असे काही पराग उडतात, की पुढच्या पाळीत समोरच्याला एकही आयटम खेळता येत नाही.

माझ्या हातात तेव्हा पाच आयटम होते. पाच बंद दरवाजे. त्याने पुढच्या पाळीत पुन्हा कळी हलवली, त्याच्या पुढच्या पाळीत पुन्हा. अशी कुलपे या खेळात जुनी आहेत; २०१४ मध्ये एका बेडकाने, त्याचे नाव सायस्मिटोड, हेच करून पुष्कळांना रडवले होते. पण नियमात वाचणे वेगळे आणि हातात पाच निरुपयोगी पाने धरून चटईवर बसणे वेगळे. मला त्या वेळी मे २०२१ आठवला. तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि आमच्या वाडीत आठवडाभर वीज नव्हती. पंप होता, मिक्सर होता, टाकी होती, फोन होता. सगळे जिथल्या तिथे, आणि कशाचाच उपयोग नाही. विहिरीवर जुना रहाट होता, त्याला दोर नव्हता. शेजारच्या घरातला थोरला मुलगा आपला दोर आणि कळशी घेऊन रोज सकाळी यायचा, आमच्या दोन घागरी भरून द्यायचा आणि पुढच्या घरी जायचा. रोज एकदा. आई त्याला दुसऱ्यांदा कधी बोलवत नसे, आणि त्या दोन घागरींत स्वयंपाक, देवपूजा, माझी आंघोळ असे सगळे बसवत असे.

भाच्याची कळी आयटम अडवते, सपोर्टर अडवत नाही. २०२३ पासून टूलही वेगळे झाल्याने तेही अडत नाही. कारकुनी वाटलेल्या त्या बदलाचा मला तिथे उपयोग झाला. एक टूल माझ्या पोकेमॉनला जोडले आणि त्याच पाळीत प्रोफेसर्स रिसर्च खेळलो. पाचही आयटम टाकाऊ ढिगात गेले आणि नवी सात आली. भाचा ओरडला, "मामा, एवढे चांगले आयटम टाकलेस?" मी म्हटले, "वापरता येत नव्हते, मग चांगले कसले?" तो क्षणभर गप्प झाला आणि मग त्याने बॉसेस ऑर्डर्स खेळून माझा अर्धमेला प्राणी बाकावरून ओढून बाद केला. ते पान माझ्याच गठ्ठ्यातून उसने घेतलेले होते.

तो डाव मी हरलो. पुढच्या आठवड्यात आम्ही वीस-बावीस डाव तरी खेळलो असू. रोज दुपारी जेवण झाले की तो चटई टाकायचा आणि आधी कॅट पिसून न घेता माझे ट्रेनर मोजायचा. एकदा डाव ऐन रंगात असताना आकाश भरून आले आणि आईने आतून हाक मारली, की खळ्यात सोले वाळत घातली आहेत ती आत घ्या. भाचा म्हणाला, "आजी, एक पाळी!" आईने दुसऱ्यांदा हाक मारली नाही. आम्हीच उठलो, कारण वळवाचे थेंब पत्र्यावर वाजू लागले होते, आणि परत आलो तेव्हा मधले स्टेडियम वाऱ्याने उडून न्हाणीघराच्या दारात जाऊन पडले होते. ते अजून मांडलेले धरायचे की उठले असे धरायचे, यावर बराच वेळ गेला.

निघण्याच्या आदल्या रात्री त्याने डबा मागितला. रबर काढून सगळी पाने ओटीवर पसरली, नावांप्रमाणे ढीग केले आणि प्रत्येक ढीग मोजला. सगळी पाने दप्तरात गेली; आता त्यांनाही पारदर्शक पाकिटे मिळाली. एक प्रोफेसर्स रिसर्च मात्र त्याने परत डब्यात टाकले. मला वाटले, मामाला आठवण म्हणून ठेवले असेल, आणि तसे विचारलेही.

"नाही रे मामा," तो म्हणाला, "माझ्याकडे आता चार झाले. पाचवं चालत नाही."